सेल्फ कधी लागतो, कधी नाही

आंबिवली स्टेशनबाहेर दुचाकींची जी गर्दी उभी असते, तिच्यात नव्या गाड्यांबरोबर दहा-पंधरा वर्षं जुन्या पल्सर, स्प्लेंडर, युनिकॉर्नही भरपूर असतात. मोहने, अटाळी, गाळेगाव, वडवली, बल्याणी या बाजूंनी माणूस सकाळी गाडीवर येतो, गाडी लावतो, कसाऱ्याकडून आलेली लोकल पकडून कल्याणच्या पुढे जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. मधले बारा-तेरा तास गाडी उघड्यावर असते. मोहन्याची एनआरसी ही रेयॉनची कंपनी २००९ मध्ये बंद पडली. चालत कामावर जाण्याचा जमाना तेव्हाच संपला आणि स्टेशनपर्यंतची ही दोन-तीन किलोमीटरची दौड कित्येक घरांच्या रोजच्या वेळापत्रकात आली. एवढ्यासाठी नवी गाडी कोण घेणार? पंधरा वर्षं झाली की कल्याणच्या आरटीओत जाऊन नोंदणी आणखी पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि आहे तीच गाडी चालवायची, हा साधा हिशेब आहे आणि तो बरोबरही आहे.

या जुन्या गाड्यांची एक तक्रार मात्र गॅरेजवाल्यालाही नकोशी वाटते. सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही. सकाळी घरून निघताना एका बोटावर इंजिन सुरू होतं. रात्री स्टेशनवर तेच बटण दाबलं की नुसतं ‘टक’ होतं, किंवा तेही होत नाही. चार वेळा दाबल्यावर पाचव्यांदा अचानक गाडी चालू होते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली की दहा वेळा दाबा, दहाही वेळा लागते. मग मेकॅनिक अनुभवावर हात ठेवतो आणि आधी बॅटरी बदलतो. महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार परत आली की रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटारला प्रवाह जोडणारा स्विच), त्यानंतर मोटारचे कार्बन, आणि तरीही भागलं नाही तर अख्खी मोटार. गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने हा खर्च डोळ्यांत भरण्याइतका होतो, आणि बिघाड पुष्कळदा जागचा हललेलाही नसतो.

माझं म्हणणं असं की अधूनमधून होणारा हा बिघाड बहुतेक वेळा कोणत्याही एका पार्टात नसतो. तो दोन पार्टांच्या मधल्या जोडात असतो, आणि गाडी शांत उभी असताना तपासली तर तो दिसणं शक्यच नसतं. पूर्ण मेलेला पार्ट रोज मेलेलाच असतो. तुटलेली वायर सकाळी जुळून रात्री परत तुटत नाही. जे कधी चालतं आणि कधी नाही, ते काठावर उभं असतं, आणि त्याला काठावर कोणी आणून ठेवलं ते शोधायचं असतं. त्यासाठी पार्ट बदलण्याच्या आधी मोजमाप हवं, आणि तेही बटण दाबलेलं असताना.

हे पटण्यासाठी सेल्फ मोटारचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने मोटारगाडीसाठी विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसला. त्याआधी केटरिंग दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांना विजेची मोटार जोडण्याचं काम करत असे. तिथे त्याला जे उमगलं तेच पुढे उपयोगी पडलं. मोटारला दिवसभर चालायचं नसून फक्त दोन-चार सेकंद जोर लावायचा असेल, तर एरवी जळून जाईल इतका प्रवाह तिच्यातून तेवढ्यापुरता नेता येतो, म्हणजेच छोट्या मोटारकडून मोठं काम करून घेता येतं. आपल्या दुचाकीतली मुठीएवढी मोटार याच तत्त्वावर चालते. आपल्याकडे १९८० च्या दशकात कायनेटिक होंडाने बटणावर सुरू होणारी स्कूटर घरोघरी ओळखीची केली, पण मोटरसायकलवाला तेव्हा किकवरच होता. बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि त्यानंतर सेल्फ ही चैन राहिली नाही. २००७ च्या पल्सर २२० ला तर किक दिलेलीच नव्हती.

त्या मुठीएवढ्या मोटारला लागतं किती? दीड-दोनशे सीसीचं इंजिन पहिल्या क्षणी फिरवायला साधारण पन्नास अँपिअर, कधी त्याहून जास्त. त्याच गाडीचा हेडलाइट तीनेक अँपिअर घेतो, हॉर्नही तेवढ्याच मापातला. मधल्या सगळ्या गोंधळाचं मूळ याच फरकात आहे. समजा बॅटरीच्या टोकावर, रिलेच्या आत किंवा अर्थच्या बोल्टखाली गंजामुळे दशांश एक ओहमचा विरोध तयार झाला. तीन अँपिअर त्यातून गेले तर ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. दिव्याच्या उजेडात डोळ्याला फरकही कळत नाही. पन्नास अँपिअर जायला निघाले तर तोच जोड ५ व्होल्ट मागतो. बारातले पाच वाटेतच गेले तर मोटारला प्रवाहही पुरेसा मिळत नाही आणि जोरही. म्हणून ‘दिवा झक्क लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे करंट येतोय’ हा पार्किंगमध्ये हमखास ऐकू येणारा निष्कर्ष चुकीचा आहे. करंट येतोय, पण दिव्यापुरता. मल्टिमीटरने नुसती बॅटरी तपासणाऱ्याचंही तेच होतं. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरी सुटली आणि वायरिंगही सुटलं. गुडघेदुखीच्या माणसाला खुर्चीत बसवून तपासावं आणि बरा आहे म्हणून पाठवावं, तशातला हा प्रकार. त्याचा गुडघा रेल्वेचा पूल चढताना दुखतो, तपासणी तिथेच व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप गॅरेजमधूनच येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बॅटरी बदलली की गाडी लागते, मग बिघाड बॅटरीत नव्हता असं कसं म्हणता? उदाहरणादाखल आकडे मांडून पाहू. जुनी बॅटरी बटण दाबल्यावर ९.८ व्होल्टपर्यंत बसते. जोडांत २ व्होल्ट जातात. मोटारच्या टोकाशी उरले ७.८, आणि पिस्टन दाबाच्या टोकाला येतो तिथे ती अडकते. नवी बॅटरी त्याच ओझ्याखाली ११ वर थांबते. जोडांत २ च काय, सव्वादोन गेले तरी मोटारला पावणेनऊ मिळतात आणि इंजिन फिरतं. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकही खूश. पण ते सव्वादोन व्होल्ट होते तिथेच आहेत. वर्षभरात बॅटरी थोडी थकली, गंज थोडा वाढला, की गाडी पुन्हा काठावर येते आणि या वेळी शिव्या बॅटरीच्या कंपनीला बसतात. नव्या बॅटरीने तक्रार झाकली गेली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. जोड साफ करून ते दोन व्होल्ट वाचवले असते, तर जुनी बॅटरीही आणखी काही काळ चालली असती.

‘स्टेशनापुरती गाडी चालते, बॅटरी चार्ज होतच नाही’ हे स्पष्टीकरणही इथे फार चालतं. त्यात तथ्य आहे, पण जेवढं समजलं जातं तेवढं नाही. तीन सेकंद पन्नास अँपिअर म्हणजे दीडशे अँपिअर-सेकंद. चार्जिंगमधून बॅटरीला निव्वळ एक अँपिअर मिळाला, तर हा खर्च अडीच मिनिटांत भरून निघायला हवा. प्रत्यक्षात कमी आरपीएमवर, रात्री दिवा लावून, खड्डे चुकवत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जाताना तो एक अँपिअरही पुरा मिळत नाही, आणि लेड-अॅसिड बॅटरी शेवटचा हिस्सा हळूहळूच भरून घेते, त्यामुळे हिशेब थोडा तुटीत जातो. तरी निरोगी गाडीत ही तूट दोन-चार दिवसांत बॅटरी उतरवण्याइतकी नसते. दहा-बारा वेळा बटण दाबायला लागलं, की मात्र ती तशी होते. म्हणजे पुष्कळदा बॅटरी उतरते ती सेल्फ नीट न लागल्यामुळे, आणि आपण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून बसतो. उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती खरोखरच जाते, ही गोष्ट वेगळी.

आंबिवलीतल्या गाड्यांचे जोड इतके का खराब होतात, याचं उत्तर आकाशातून पडतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका बाजूला उल्हास, दुसऱ्या बाजूला काळू. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैत उल्हास नदीचं पाणी कल्याण परिसरातल्या सखल वस्त्यांत शिरलं होतं, आणि दुचाकीची सेल्फ मोटार इंजिनाच्या अंगाला खालीच बसवलेली असते. पण पुरात बुडालेली गाडी सांगून बंद पडते. अधूनमधूनचा त्रास देते ती रोज भिजणारी आणि रोज वाळणारी गाडी. वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या लगमध्ये पाणी शिरतं, तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तो प्लॅस्टिकच्या आवरणाखालून आत सरकत जातो. वरून वायर ठणठणीत दिसते. सोलली की आतली तार काळी-हिरवी आणि ठिसूळ निघते. काही जण रेयॉनच्या कारखान्यांच्या हवेला दोष देतात. हायड्रोजन सल्फाइडने तांबं काळं पडतं हे रसायनशास्त्र खरं आहे, आणि रेयॉनच्या प्रक्रियेत तो वायू निघतो हेही खरं. पण हाच हिरवा थर रेयॉनचा कारखाना कधी न पाहिलेल्या कोकणातल्या गावांतल्या गाड्यांवरही चढतो. त्याला पाऊस पुरेसा आहे. आणि इंग्रजी मॅन्युअलांत थंडीमुळे सेल्फ न लागण्यावर पानंच्या पानं असली, तरी आपल्या जानेवारीला ते लावण्यात अर्थ नाही. इथलं इंजिन ऑइल थंडीने गोठत नाही.

दुसरा आक्षेप असा की पार्ट खराब होतच नाहीत का? होतात. मोटारमधले कार्बन झिजतात. ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरच्या तांब्यावर चर पडतात. रिलेच्या आतली तांब्याची चकती दर ठिणगीला थोडी जळत जाते. वन-वे क्लच घसरायला लागला तर मोटार घर्र करून नुसतीच फिरते आणि इंजिन हलत नाही. हा शेवटचा बिघाड विजेचा नाहीच, त्याला मीटर लावून उपयोग नाही. बाकीच्यांकडे मात्र नीट पाहिलं तर तेही जोडच आहेत. कार्बन आणि कम्युटेटर हा सरकता जोड, रिलेची चकती हा उघडझाप करणारा जोड. झिजलेल्या कार्बनवर मागच्या स्प्रिंगचा पुरेसा दाब पडत नाही. मोटार जिथे थांबली तिथे नेमका संपर्क सुटलेला असेल तर बटण दाबून काहीच होत नाही, आणि पान्याच्या दांड्याने मोटारवर हलकेच ठोकलं की ती फिरते. ठोकून चालू होणारी मोटार हा कार्बनविरुद्ध चांगला पुरावा आहे. गाडी तापल्यावरच सेल्फ नाकारत असेल तरीही संशय मोटारकडे वळवावा, कारण तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. साठ अंशांनी तापलेल्या गुंडाळीला थंड गुंडाळीपेक्षा जवळजवळ पाव पट जास्त विरोध होतो. एरवी निभावून जाणारी मोटार तेवढ्याने उघडी पडते.

आवाजातूनही बरंच कळतं, आणि जुने मेकॅनिक याबाबत मीटरवाल्यांपेक्षा पुढे असतात. एकच दणकट ‘टक’ आणि पुढे शांतता: रिले ओढला गेला, पण मोटारपर्यंत जोर पोचला नाही. भराभर ‘टक-टक-टक-टक’: रिले बसतो, मोटार प्रवाह मागते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, रिले परत बसतो. इथे उतरलेली बॅटरी किंवा तिच्याच टोकांवरचा गंज हे पहिले संशयित. काहीच आवाज नाही, तर जाड वायरींना हात लावायची घाई करू नये. मग बिघाड बारीक वायरींच्या वाटेवर आहे: फ्यूज, चावीचा स्विच, किल स्विच, क्लचच्या दांडीखालचा छोटा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि शेवटी उजव्या मुठीजवळचं बटण. हे बटण उघडून पाहण्यासारखं असतं. आत नखाएवढी पितळी पट्टी आणि एक बारीक स्प्रिंग, दोन्हीवर धूळ, घाम आणि पावसाने जमवलेला मऊ हिरवा लेप. बॅटरीपासून इथवर येताना प्रत्येक स्विचने थोडं-थोडं खाल्लेलं असतं, आणि रिलेच्या कॉइलला ओढ घेण्यापुरतं उरतंच असं नाही. क्लच दाबून हँडल हलवल्यावर सेल्फ लागतो, ही तक्रार असेल तर दोष बहुधा याच रांगेतला.

पेचकसाने रिलेचे दोन जाड बोल्ट जोडून बघण्याची जी गॅरेजची युक्ती आहे, ती अडाणी म्हणून हिणवली जाते. मला ती तशी वाटत नाही. मोटार फिरली तर त्या क्षणी रिलेच्या पुढचं सगळं ठीक आहे, हे ती एका ठिणगीत सांगते. फक्त गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि जवळपास पेट्रोल गळत नसावं. तिची मर्यादा एवढीच की काठावर असलेल्या जोडाबद्दल ती काही सांगत नाही. फिरली किंवा नाही फिरली, इतकंच. मध्ये किती गमावलं ते कळायला आकडा लागतो.

तो आकडा काढायला तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा. एक पिन बॅटरीच्या प्लस टोकाच्या खुद्द शिशावर (वायरच्या लगवर नव्हे), दुसरी मोटारच्या बोल्टवर. आता गंमत अशी की बटण न दाबता या दोन जागांतलं वाचन इथे निरर्थक असतं, कारण रिलेने वाट तोडलेली असते. बटण दाबून इंजिन फिरत असताना जे दिसतं, तेच बॅटरीपासून मोटारपर्यंत वाटेत गमावलेलं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वाट चांगली. दीड-दोन दिसले तर चोर याच वाटेवर आहे. मग पिन एकेक टप्पा पुढे सरकवत जायचं: शिसं ते लग, लग ते रिलेचा पहिला बोल्ट, पहिला ते दुसरा, दुसरा ते मोटार. ज्या टप्प्यावर आकडा उडी घेतो, तो जोड उघडायचा, पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, घट्ट आवळायचा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. उडी रिलेच्या दोन बोल्टांमध्येच असेल तर रिले खुशाल बदलावा. आता तो अंदाजाने बदलला जात नाही.

दुसरी अर्धी वाट नेहमी विसरली जाते, ती परतीची. मोटारमधून गेलेला प्रवाह इंजिनाच्या बॉडीतून, अर्थच्या वायरने बॅटरीच्या मायनसला परततो. जुन्या गाडीला कधीतरी रंग दिलेला असतो, आणि रंगवाल्याने अर्थच्या बोल्टखालीही इमानेइतबारे रंग मारलेला असतो. एक पिन मायनसच्या शिशावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि बटण दाबायचं. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ संशयित. ही दोन मापं घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि माझ्या मते खरा अडथळा तोच आहे. पार्ट बदलला तर बिल लावता येतं, डबा दाखवता येतो. अर्धा तास मीटर घेऊन बसून शेवटी एक बोल्ट घासून आवळला, तर गिऱ्हाईक पन्नास रुपये द्यायलाही कुरकुरतो. ‘केलं काय तुम्ही?’ या प्रश्नाला मेकॅनिककडे उत्तर नसतं. तेव्हा दोष एकट्या गॅरेजवर ढकलून चालणार नाही. शोधण्याचे पैसे द्यायची तयारी नसलेल्या गिऱ्हाइकाला बदलण्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ते जास्त असतात. घड्याळ आणि टीव्ही दुरुस्त करणारे पूर्वी तपासणीची वेगळी रक्कम आधी सांगत. दुचाकीच्या गॅरेजने इलेक्ट्रिकच्या कामाला तीच रीत लावली तर कोणाचंच नुकसान नाही. ‘एवढ्या जुन्या गाडीसाठी कशाला? इलेक्ट्रिक स्कूटर घ्या’ असंही सुचवलं जातं. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. तिच्यातही जाड वायरी, लग आणि कनेक्टर आहेतच, आणि पाऊस तोच आहे.

उरतो शेवटचा पेच: गॅरेजमध्ये गाडी लागतेच, मग बटण दाबून मोजणार काय? त्याची दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे गाडी लागत असतानाही गमावलेलं व्होल्टेज दिसतं. आज सव्वा व्होल्ट खाणारा जोडच पावसात तीन खाणारा जोड असतो. काठावरची गाडी सुरू झाली म्हणून मीटर खोटं बोलत नाही. आणि एवढ्यानेही सापडलं नाही, तर मोजमाप गाडीबरोबर स्टेशनवर पाठवायचं. मोटारच्या बोल्टवरून आणि रिलेच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून दोन बारीक वायरी, प्रत्येकीला बोल्टाजवळ छोटा फ्यूज लावून, साइड पॅनलखाली काढून ठेवायच्या, टोकं वेगवेगळी टेप करून. रात्री पार्किंगमध्ये सेल्फने नकार दिला की चावी चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, एका हाताने बटण दाबून या दोन टोकांचं इंजिनाच्या धातूशी वाचन घ्यायचं, एकामागून एक. रिलेकडच्या टोकालाच व्होल्टेज कोसळलं असेल तर बॅटरी, तिची टोकं आणि अर्थ पाहायचा. तिथे अकरा-बारा आणि मोटारशी शून्य असेल, आणि रिलेचा ‘टक’ ऐकू आला असेल, तर रिलेची चकती. ‘टक’ नसेल तर बटणापासूनची बारीक वाट. दोन्हीकडे अकराच्या वर व्होल्ट आहेत आणि मोटार तरीही ढिम्म, असं दिसलं तर मात्र वायरिंगला सोडून द्यावं, मोटार उतरवावी आणि कार्बन पाहावेत.